स्टायपेंडवर दहा टक्के कापले, मग अजून टॅक्स कसला?

प्रश्न : नमस्कार ताई, मी मुलुंडला राहते, नोकरी कांजूरमार्गला, पगार महिना 95 हजार, न्यू रिजीम (नवी करप्रणाली) घेतलीय. या एप्रिलपासून शनिवार-रविवार कुर्ल्याला एका संस्थेत मुलांना गणित शिकवते, त्याचे महिना 15 हजार स्टायपेंड, दीड हजार टीडीएस कापून 13,500 खात्यात येतात. सगळे म्हणतात 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही आणि स्टायपेंड तर माफच असतं. मग मला काही भरायचं नाहीये ना? ऑफिसला सांगायची भीती वाटते.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : स्टायपेंड माफ असतं हे अर्धवट ऐकलेलं आहे. स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवायला मिळते ती स्कॉलरशिप माफ, तुम्ही तर शिकवताय, कामाचे पैसे घेताय, मग त्याला नाव काहीही दिलं तरी ते उत्पन्नच.

आता 2025-26 चा हिशेब मांडूया. वर्षाचा पगार 11 लाख 40 हजार, त्यातून 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारावरची सरसकट वजावट) गेलं की 10 लाख 65 हजार, इथवर टॅक्स शून्य, म्हणून ऑफिस काही कापत नाही. (हे डिडक्शन फक्त पगाराला, स्टायपेंडला वेगळं मिळत नाही.) त्यात स्टायपेंडचे 1 लाख 80 हजार मिळवले की झाले 12 लाख 45 हजार. स्लॅबने, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या दरांनी, टॅक्स येतो 66,750, पण 12 लाखांच्या जरा वर गेलेल्यांना मार्जिनल रिलीफ आहे, म्हणजे वरचे जेवढे, टॅक्स त्याहून जास्त नाही. तुमचे वरचे 45 हजार, तर टॅक्स 45 हजार, त्यावर 4 टक्के सेस (उपकर), एकूण 46,800. टीडीएस वर्षभरात 18 हजार जाईल, उरले 28,800. ते तुम्हालाच भरायचेत.

वाईट वाटेल, पण 12 लाखांवरचा तुमचा प्रत्येक रुपया सध्या टॅक्समध्येच जातोय. याची दुसरी बाजू अशी की फक्त या शिकवण्यासाठी केलेला खर्च, वर्गासाठी घेतलेली पुस्तकं वगैरे, पावतीसकट दाखवता आला तर तिथे जवळजवळ रुपयाला रुपया वाचतो, तेव्हा पावत्या आजपासून एका पाकिटात टाकायला लागा.

उरलेला टॅक्स 10 हजार किंवा वर असला की अॅडव्हान्स टॅक्स लागतो, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा, 15 डिसेंबरपर्यंत 75 टक्के, 15 मार्चपर्यंत सगळा. जून-सप्टेंबरचे हप्ते चुकलेत, त्याचं व्याज पाचशे रुपयांच्या आसपास बसेल, त्यासाठी झोप घालवू नका. ऑफिसला हे उत्पन्न कळवलं तर मार्चपर्यंत तेच पगारातून कापतात आणि व्याजही वाचतं, पण कळवायची सक्ती नाही. मात्र आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा हो, बाहेरच्या कामाला परवानगी लागते असं लिहिलं असेल तर ती रीतसर मागा, लपवण्यात अर्थ नाही कारण पॅनवर सगळं दिसतं.

संस्था तुम्हाला पगारदार धरते की प्रोफेशनल फी देते तेही विचारा. फी असेल आणि तुम्ही ती व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवली तर पगारदारांचा नेहमीचा रिटर्नचा फॉर्म, आयटीआर-1, चालणार नाही, तिथे सीएला पैसे द्यावे लागले तरी द्या.

आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर 26एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता) उघडून तुमचे दीड-दीड हजार खरंच जमा झालेत का बघा. माझ्या भाच्याचे एका ठिकाणी कापले होते पण भरलेच नव्हते, रिटर्नच्या वेळी कळलं आणि पोरगं महिनाभर फोन करत बसलं. तुम्ही आत्ताच बघा, आणि दिसत नसतील तर येत्या शनिवारी गेल्यावर लगेच अकाउंट्सवाल्यांना गाठा.