पेंटाच्या लसीनंतर मांडीला गाठ आली. पुढचा डोस द्यायचा का?

अडीच महिन्यांच्या लसीला बाळ आलं नाही की चौकशीत बरेचदा एकच कारण निघतं: मागच्या वेळचा ताप. अशाच एका आईला आशाताई समजावून घेऊन आल्या. सोबत सासूबाई. दीड महिन्याची पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस, म्हणजेच पेंटा) दिली त्या रात्री बाळ तापलं, डावी मांडी लाल होऊन सुजली आणि गाठ अजून पुरती विरली नव्हती. "औषध तिथंच साकळलंय. चांगल्या लेकराला दुखणं लावून घेतलं," सासूबाई म्हणाल्या. सून गप्प होती, पण धास्ती तिलाच जास्त होती.

सिस्टरांनी मांडी चाचपली. गाठ लहान, टणक. लाली नाही, हाताला गरम लागत नाही, दाबल्यावर बाळ रडलं नाही.

मी सासूबाईंना विचारलं, पायात काटा मोडला की काय होतं? "ठणकतं, सुजतं." काटा तर सुजत नाही ना, सुजतं आपलं अंग. इथंही तेच. या लशीत डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू असतात आणि शरीरानं नीट दखल घ्यावी म्हणून ॲल्युमिनियमचा क्षारही. टोचल्या जागच्या पेशी हे परकं ओळखतात आणि हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सोडतात. त्यानं बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. ब्रॅडिकायनिन हे रसायन नसांची टोकं हळवी करतं, म्हणून ठणका. पांढऱ्या पेशी याच वाटेनं तिथं पोचतात. त्यांनी सोडलेल्या इंटरल्यूकिन या रसायनाचा निरोप मेंदूला मिळाला की तिथं प्रोस्टाग्लँडिन बनतं आणि अंग तापतं. पॅरासिटामॉल ते बनणंच कमी करतं. क्षार हळूहळू विरघळतो, त्यामुळे गाठ काही आठवडे राहू शकते.

एवढं सगळं नावांसकट कशाला सांगता, असं सहकारी विचारतात. मी सांगतेच. "होतं असं, घाबरू नका" एवढ्या बोलण्यावर रात्री दोन वाजता तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या आईनं धीर कसा धरायचा? काय चाललंय हे कळलं की ती वाट पाहू शकते.

त्या जागी चोळायचं नाही, हळद-चुना लावायचा नाही, शेकायचं नाही. पॅरासिटामॉल वजनानुसार सिस्टर सांगतील तेवढंच. मात्र ताप दोन दिवसांपुढे गेला, झटका आला, बाळ तीन तास सलग रडत राहिलं, मलूल होऊन दूध ओढेना किंवा गाठ वाढून पू दिसला, तर लगेच घेऊन यायचं. यातलं काहीही अंगावर काढायचं नाही.

सासूबाईंचा शेवटचा प्रश्न नेमका होता. "माझ्या लेकीच्या पोराला ताप आलाच नव्हता. मग त्याला लस लागली नाही म्हणायची का?"

लागली. ही रसायनं प्रत्येकाच्या अंगात कमीजास्त बनतात; ताप न येताही रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात. त्याचेही डोस पुरे करा, म्हटलं. या बाळाला दुसरा डोस त्याच दिवशी दिला.