गाठ गोळीला दाद देत नाही, म्हणजे नेमकं काय?

ताई, तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: भावाला पिट्युटरीत (मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीत) प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणारी गाठ आहे. त्याचं प्रोलॅक्टिन सुरुवातीला 1850 होतं आणि गाठ 27 मिमी. त्यावरची कॅबरगोलिनची गोळी आठवड्याला 1 मिग्रॅ घेऊन चार महिने झाले, आता प्रोलॅक्टिन 640 आणि गाठ 22 मिमी आहे. तपासणीच्या वेळी 'रेझिस्टंट', म्हणजे औषधाला दाद न देणारी, हा शब्द कानावर पडला आणि तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. मी डॉक्टर नाही, पण माझी गाठही अशीच चिवट निघाली आणि अकरा वर्षं मी तिच्यासोबत काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आकडेच नीट बघा. प्रोलॅक्टिन जवळपास एक तृतीयांशावर आलंय. गाठ पाचच मिलिमीटरने कमी झाली असं तुम्ही लिहिलंत, पण ती एका बाजूची लांबी आहे. गाठ सगळीकडून सारखीच आक्रसली असं धरून 22 चा आणि 27 चा घन काढून बघा. घनफळ सुमारे 46 टक्क्यांनी उतरलेलं दिसेल. याला गोळी लागू पडली नाही असं मी तरी म्हणणार नाही. कॅबरगोलिन साधारणपणे आठवड्याला किमान 2 मिग्रॅ, निदान सहा महिने देऊनही प्रोलॅक्टिन नॉर्मल होत नाही किंवा गाठ पुरेशी आकसत नाही, तेव्हा रेझिस्टन्स म्हणतात. भाऊ अजून निम्म्या डोसवर आहे.

मुळात हे होतं कसं, ते सांगतो. पिट्युटरीच्या बहुतेक हार्मोन्सना मेंदूकडून 'सोडा' असा हुकूम येतो. प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. त्याला डोपामिनचा, म्हणजे मेंदूतून येणाऱ्या एका निरोप्या रसायनाचा, कायमचा लगाम असतो आणि तो सैल पडला की प्रोलॅक्टिन वाढतं. गाठीच्या पेशींवर डोपामिनचे डी-2 रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, असतात. कॅबरगोलिन त्यांच्यावर बसून तोच लगाम खेचतं. चिवट गाठीत हे रिसेप्टर कमी असतात, किंवा असले तरी पेशीच्या आत पुढे निरोप पोचवणारी साखळी ढिली असते. म्हणजे हा प्रकार बहुधा कमी-जास्त प्रमाणाचा असतो, आणि म्हणूनच डोस वाढवल्यावर काही गाठी ऐकतात. ब्रोमोक्रिप्टिन या त्याच कामाच्या जुन्या गोळीला साधारण चारातली एक गाठ नीट दाद देत नाही, कॅबरगोलिनला दहातली एक. पुरुषांमध्ये आणि आजूबाजूला घुसलेल्या मोठ्या गाठींमध्ये हे जास्त दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाऊ आणखी कुठली औषधं घेतो? कॅबरगोलिनने मळमळतं, म्हणून मला सुरुवातीला त्याच्या जोडीला डॉम्पेरिडोन लिहून दिलं होतं. डॉम्पेरिडोन डोपामिनचेच रिसेप्टर अडवतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यामुळे ते मेंदूत फारसं शिरत नाही म्हणून बिनधोक वाटतं, पण पिट्युटरी त्या पडद्याच्या बाहेर आहे! एका गोळीने लगाम खेचायचा आणि दुसरीने सोडायचा, असं माझं पाच महिने चाललं. माझ्या कागदांवर 'रेझिस्टंट' तेव्हाच पहिल्यांदा लिहिलं गेलं. मेटोक्लोप्रामाइड आणि लेवोसल्पिराइड याच जातीची औषधं आहेत. रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजारावरची काही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात, पण ती परस्पर कधीही थांबवू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. मळमळीवर मला झोपताना, खाल्ल्यावर गोळी घेण्याचा उपयोग झाला. चुकलेले डोसही मोकळेपणाने विचारा. आठवड्यातून दोनदाची गोळी विसरणं फार सोपं असतं. टेस्टोस्टेरॉन चालू असेल तर तेही सांगा, कारण शरीरात त्याचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतं आणि ते प्रोलॅक्टिनला चालना देतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी एक: गाठ मोठी पण प्रोलॅक्टिन 80-90 च असेल, तर ती गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी नसण्याची शक्यता असते. ती नुसती पिट्युटरीला मेंदूशी जोडणाऱ्या देठावर दाब देऊन डोपामिनची वाट अडवते. (प्रोलॅक्टिन अतिप्रचंड असतानाही चाचणी फसून आकडा कमी दाखवू शकते, म्हणून लॅबला नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगतात.) दाब देणाऱ्या गाठीत गोळीने आकडा नॉर्मल होतो, गाठ मात्र तशीच राहते. त्याला रेझिस्टन्स म्हणणं चूक आहे.

हे सगळं तपासून झालं की डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात. माझा आठवड्याला 3.5 मिग्रॅपर्यंत गेला. जास्त डोसवर हृदयाच्या झडपांसाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतात. पार्किन्सनसाठी रोज काही मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये झडपा खराब झाल्याचं 2007 साली पुढे आलं, तेव्हापासून ही काळजी आहे. आणि ताई, यात तुमचं लक्ष फार मोलाचं आहे: या औषधाने काहींना जुगार, बेसुमार खरेदी, लैंगिक इच्छेचा अतिरेक असं काही सुरू होतं. पेशंटला ते स्वतःला कळत नाही किंवा सांगायची लाज वाटते. तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

इतकं करूनही माझं प्रोलॅक्टिन अडून राहिलं, तेव्हा नाकावाटे ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली नाही, शिरेला बिलगलेला भाग ठेवावा लागला. पण उरलेल्या गाठीला आधीपेक्षा कमी गोळी पुरली. माझ्या मनात ऑपरेशन म्हणजे हार असं बसलं होतं आणि त्यापायी मी वर्षभर चालढकल केली, ती करायला नको होती.

दोन गोष्टींत मात्र थांबू नका. अचानक प्रचंड डोकेदुखी, उलट्या किंवा नजर कमी होणं, आणि गाठ आकसत असताना नाकातून पाण्यासारखी धार लागणं. यात त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पुढच्या भेटीला दोन्ही एमआरआयची चित्रं न्या, नुसते रिपोर्ट नकोत. दृष्टिक्षेत्राची (समोर बघताना आजूबाजूचं कुठवर दिसतं याची) तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या, कारण डोस वाढवून वाट बघायला किती सवड आहे हे बरंचसं त्यावर ठरतं.