एकाच वर्गात चार इयत्ता बसल्यात, शिकवू कुणाला?

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ३१ मुलं. सहा-सात जणांना अजून अक्षरं धड ओळखता येत नाहीत, दहाएक जण शब्द वाचतात पण वाक्य आलं की अडतात, आणि चार-पाच मुलं अशी की मी फळ्यावर गणित लिहून व्हायच्या आत उत्तर ओरडतात. पुढे जावं तर निम्मा वर्ग सुटतो, थांबावं तर ही पोरं दंगा घालतात. प्रशिक्षणात सांगतात 'प्रत्येक मुलाच्या गतीने शिकवा', म्हणजे काय, रोजच्या पाठाची ३१ टाचणं काढू?

उत्तर : नाही हो मॅडम, ३१ टाचणं कुणीच काढत नाही, सांगणारेही काढत नसतात. तुमच्या वर्गात फार तर तीन-चार गट पडतात आणि तेवढे झेपतात.

आधी एकेका मुलाला जवळ बोलावून वाचायला लावा. लेखी चाचणी नको, तोंडीच. 'असर' या शिक्षणस्थितीच्या अहवालासाठी सर्वेक्षण करणारी मंडळी २००५ पासून गावोगाव हेच करतायत, दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, सुटे शब्द, अक्षरं, यातलं मूल जे सहज वाचेल ती त्याची आजची पातळी. गणितालाही तसंच, अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. दोन-तीन दिवसांत वर्ग उरकतो, तोवर बाकीच्यांना गोष्टीची पुस्तकं द्या किंवा चित्रं काढू द्या, काही आभाळ कोसळत नाही. नोंद वहीच्या एका पानावर करा, नाव, वाचन, गणित, आणि पेन्सिलनं करा कारण ती महिन्याभरात खोडायचीय. बघाच, वाचनात सगळ्यात मागे असलेलं एखादं पोर गणितात तिसऱ्या गटात निघेल, विशेषतः आठवडी बाजारात आईशेजारी भाजी विकायला बसणारं. मग त्याला 'ढ' म्हणायचं की हुशार? म्हणून मुलांचे गट पाडू नका, त्या त्या तासाचे पाडा. भाषेच्या तासाला वेगळे, गणिताच्या तासाला वेगळे.

आणि हे गट फक्त त्या तासापुरते. उरलेला दिवस अख्खा वर्ग एकत्र, आणि चौथीचंच शिकायचं. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय कारण बऱ्याच शाळांत उलटं होतं, मागची मुलं वर्षभर मागच्या बाकावर अआइई गिरवत बसतात आणि चौथीचं काहीच त्यांच्या कानावर पडत नाही. शिवरायांचा प्रतापगडचा प्रसंग कळायला वाचता यायची काय गरज? तुम्ही वाचून दाखवा, मुलांना नाट्य करू द्या, मातीचा गड करू द्या, 'महाराजांनी भेटीला प्रतापगडच का निवडला' असं विचारा. अक्षरं न येणारं पोर तिथे सगळ्यात भारी उत्तर देऊन जातं आणि बाकीच्यांचं त्याच्याबद्दलचं मत तिथल्या तिथे बदलतं.

पातळीप्रमाणे गट पाडायचा तास राखून ठेवणं हीच खरी गोम आहे. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या कामावर अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो वगैरेंनी (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते) बरीच वर्षं अभ्यास केला, त्यात दिसलं की शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण नि साहित्य दिलं तर फारसं काही हलत नाही, शिक्षक घेतात आणि परत पुस्तक पुरं करायच्या मागे लागतात. हरियाणात मात्र सरकारी शाळांमध्ये रोजचा एक तास वेगळा काढला, त्या तासाला इयत्ता विसरून पातळीप्रमाणे मुलं बसवली, तेव्हा मुलांचं वाचन सुधारलं. शिक्षक सरकारीच होते बरं का.

आता त्या तासात काय? अक्षरवाल्यांना तुमची सर्वात जास्त गरज, तासातला निम्मा वेळ त्यांच्यात खाली बसा. पूर्ण मुळाक्षरं संपायची वाट बघू नका. ग, म, भ, न एवढ्या चार अक्षरांत मग, नग, नभ होतात, पहिल्या दिवशी शब्द वाचल्याचा आनंद मिळू दे. तुमच्याकडची बरीच मुलं घरी पावरी, भिली नाहीतर मावची बोलत असतील, त्यांना अक्षर अडत नाही, शब्दच अनोळखी असतो. त्यांनाच विचारून त्यांच्या बोलीतले शब्द फळ्यावर देवनागरीत लिहा, तेच वाचू द्या, मराठी शब्द शेजारी. शब्दवाल्यांना चार ओळींचा एकच परिच्छेद तीन-चार दिवस द्या, बोट ठेवून, जोडीनं, मोठ्यानं, मग त्याच वाक्यांच्या पट्ट्या कापून क्रम लावायला. रोज नवा उतारा कशाला? पुढच्यांना 'या गोष्टीचा शेवट बदलून लिहा' सांगून द्या, अर्धा तास तुमच्याकडे फिरकणार नाहीत.

गणितात फास्ट मुलांना आणखी दहा उदाहरणं देऊ नका, लवकर संपवलं म्हणून शिक्षा दिल्यासारखं होतं ते, चार दिवसांत पोरं मुद्दाम हळू करायला शिकतात. त्यापेक्षा उलटा प्रश्न टाका. फळ्यावर लिहा 'उत्तर २४ आहे, प्रश्न काय?' कुणी २० अधिक ४ लिहील, कुणी ६ चोक २४, आणि तुमचा तो ओरडणारा गडी शेळ्या विकून, उधारी वळती करून भलंमोठं शाब्दिक उदाहरण बनवून आणेल. एकच प्रश्न, सगळा वर्ग कामाला, टाचण एक. काड्यांचे गठ्ठे मात्र चौथीतही बाहेर काढा, दशक-एकक कच्चं असेल तर हातचा म्हणजे जादूच वाटते मुलांना. एकोणसत्तर-एकोणऐंशीत अडकणाऱ्यांना 'साठ नऊ' असंही म्हणू द्या, २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणलं तेव्हा व्हॉट्सअॅपवर केवढी टिंगल झाली, पण वर्गात बसणाऱ्याला विचारा, अडलेल्या पोराचा हात त्यानं सुटतो. एकोणसत्तर सोडायचं नाहीये, दोन्ही म्हणायचं.

गटांना अ-ब-क म्हणू नका हे तुम्हाला सांगितलं असेलच, मोगरा-गुलाब म्हणा म्हणतात. खरं सांगू, आठवड्यात पोरांना बरोब्बर कळतं की गुलाब म्हणजे कोण. त्यावर उपाय नाव नाही, हलवाहलव आहे. महिन्याला परत वाचून घ्या आणि ज्याचं सुधारलं त्याला सगळ्यांदेखत पुढच्या गटात पाठवा. दोन महिने एकही मूल हललं नाही तर मूल बदलायचं नसतं, कृती बदलायची. केंद्रप्रमुखांनी 'अभ्यासक्रम मागे का' विचारलं तर ते पेन्सिलचं पान पुढे करा, केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं ध्येयच २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येकाला वाचता यावं नि साधी गणितं यावीत असं आहे, ते चौथीत राहिलेलं काम तुम्ही करताय.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे, अभ्यासात पुढे असते. तिच्या टीचर तिला रोज कच्च्या मुलांना शिकवायला बसवतात. ती आता शाळेत जायला कंटाळते. बोलावं का?

उत्तर : बोला, पण पालकसभेत सगळ्यांसमोर नको, वेगळं भेटून. आठवड्यातून एखाददा शिकवणं तिच्याही फायद्याचं, समजावून सांगताना आपलंच पक्कं होतं. रोज म्हणजे बिनपगारी मास्तरकी झाली. शिवाय सगळ्यात हुशार मूल चांगलं समजावतं असं नसतं, ते पटकन उत्तर सांगून मोकळं होतं. ज्याला भागाकार गेल्या महिन्यातच जमलाय त्याला कुठे अडतं ते ताजं आठवत असतं, जोडी तशी लावली तर दोघांचंही भलं. टीचरना तक्रार न करता एवढंच विचारा की तिचं काम लवकर झालं की वाचायला पुस्तक किंवा एखादा प्रोजेक्ट देता येईल का. बहुतेक ऐकतील, त्यांनाही कुणी पर्याय सांगितलेला नसतो.

प्रश्न : आठवीत एक मुलगा आहे. विज्ञानात तोंडी विचारा, फाडफाड बोलतो, पेपर मात्र कोरा किंवा वाचता येणार नाही असा. अक्षरं गळतात, फळ्यावरचं उतरवायला तास जातो. आळशी म्हणावं की काय?

उत्तर : आळशी म्हणू नका, निदानही करू नका, ते आपलं काम नाही. वहीची दोन-तीन पानं जपून ठेवा, आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा, मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवा. अध्ययन अक्षमता (हुशारी असूनही वाचन-लेखन अडणं) निघालीच तर ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक आहे, प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. नववी उजाडायची वाट बघू नका, कागदपत्रांना वेळ लागतो आणि दहावीचा फॉर्म भरताना धावपळ करणारे पालक दरवर्षी असतात. आई-वडिलांना मात्र 'तुमच्या मुलात काहीतरी आहे' अशी सुरुवात नको, तो काय छान सांगतो तिथून सुरू करा.

प्रमाणपत्र येईपर्यंत हात बांधलेले नाहीत. घटकचाचणीचे काही प्रश्न तोंडी घ्या, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी झेरॉक्स द्या, आकृतीला नावं देणारे प्रश्न वाढवा, आणि विज्ञानात ऱ्हस्वदीर्घाचे मार्क कापू नका. बाकी कुणी 'त्यालाच का' म्हणालं तर ज्याला हवं त्याला तोंडी द्या, दोन-चार जण निघतीलच.

प्रश्न : गावकऱ्यांनी शाळेसाठी वर्गणी जमवलीय. वेगवेगळ्या पातळीच्या मुलांसाठी स्मार्ट टीव्ही घ्यावा असं चाललंय. घ्यावा का?

उत्तर : आधी पुस्तकं. एका ओळीच्या पानापासून जाड गोष्टीपर्यंत, कपाटाबाहेर, मुलांच्या हाताला येतील अशी. पैसे कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पातळीप्रमाणे लावलेल्या, प्रिंट काढा. टीव्ही त्यानंतर, आणि घ्यायचाच ठरला तर शाळेचं वीजबिल कोण भरणार ते त्याच ग्रामसभेत लिहून घ्या.