डिस्कच्या पोटात हवा : ब्रेक डक्टविषयी वाचकांचे प्रश्न

इंजिनाची ताकद वाढवली, सस्पेन्शन खाली आणलं, रुंद टायर घातले आणि मग ट्रॅकवर ब्रेकनं दगा दिला. यावर इलाज म्हणून ब्रेक डक्टचं नाव निघतं: गाडीच्या पुढून हवा घेऊन ती ब्रेकच्या डिस्कपर्यंत नेणारा पाइप. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न याच वाटेनं आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ट्यूनिंगनंतर गाडी छान पळते, पण ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या लॅपला ब्रेक पेडल मऊ होतं आणि खूप खाली जातं. पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) थोडा वेळ थांबलं की बऱ्यापैकी ठीक होतं. डक्ट बसवले तर हा त्रास जाईल का?

कमी होईल, पण आधी ब्रेक ऑइल बदला. पेडल मऊ होऊन खाली जातंय म्हणजे कॅलिपरमधलं, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं, ऑइल उकळतंय. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते; पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचायच्या आधी बुडबुडे दाबण्यातच संपतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रतीच्या मानकानुसार नवं, कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. म्हणजे जुन्या ऑइलवर ट्रॅकवर उतरताना ७५ अंशांची शिदोरी तुम्ही घरीच ठेवून येता. उकळबिंदू जास्त असलेलं ताजं ऑइल भरा, चारही चाकं नीट ब्लीड करा, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा बाहेर काढा, आणि मग पाहा.

पेडल टणक आहे, पाय पूर्ण जोरानं रोवलाय, तरी गाडी थांबायचं नाव घेत नाही, असं होत असेल तर तो आजार वेगळा. तिथं पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेलेला असतो आणि इलाज म्हणजे ट्रॅकला झेपणारा पॅड.

आता डक्ट नेमकं काय करतो ते आकड्यांत बघू. १४०० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून १०० वर आणली, तर साधारण १६ लाख ज्यूल उष्णता तयार होते. त्यातली ७० टक्के पुढच्या चाकांवर येते असं धरा, म्हणजे पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला साडेपाच लाखांच्या वर. डिस्क ९ किलोच्या बिडाची असेल तर एवढ्या एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास चढतं. हे चढणं डक्ट थांबवू शकत नाही. ते डिस्कच्या वजनावर ठरतं. डक्टचं काम सुरू होतं पाय पेडलवरून उचलल्यावर. पुढचं वळण येईपर्यंत जेवढी उष्णता बाहेर काढता येईल तेवढी काढायची, म्हणजे पुढचं ब्रेकिंग खालच्या पायरीवरून सुरू होतं.

आणि ट्यूनिंगनं काय बदललं, तेही यातच दिसतं. सरळ पट्ट्याच्या टोकाला पूर्वी गाडी १८० गाठत होती, आता २०० गाठते. वेग फक्त २० नं वाढला, पण १०० वर येताना निघणारी उष्णता तब्बल एक तृतीयांशानं वाढली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. शिवाय तो पट्टा आता लवकर संपतो, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळही कमी. कंपनीनं दिलेले ब्रेक वाईट नव्हते. त्यांच्यावरचं ओझं बदललं.

प्रश्न : डिस्क किती तापते हे मोजायचं कसं? मी पिटमध्ये येऊन इन्फ्रारेड गननं मोजलं तर २२० अंश दाखवलं. एवढं कमी असेल तर डक्टची गरजच काय?

तो आकडा विसरा. पिटमध्ये येईपर्यंत डिस्क बरीच निवलेली असते, आणि घासून चकचकीत झालेल्या लोखंडावर ती गन हमखास कमी दाखवते. चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी फेकतो, गनला वाटतं तो थंड आहे.

खात्रीचा मार्ग म्हणजे तापमान दाखवणारे रंग. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर, जिथं पॅड घासत नाही तिथं, हिरवा, नारिंगी आणि लाल असे तीन ठिपके द्यायचे. सर्वाधिक वापरात असलेल्या संचात हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो, आणि बदललेला रंग परत येत नाही. कॅलिपरवर तशाच तापमानपट्ट्या चिकटवतात. एक सेशन चालवा, चाक काढा, वाचा. डक्ट बसवण्याआधीचं आणि नंतरचं वाचन वहीत लिहून ठेवा. ही वही नसेल तर डक्टनं फायदा झाला की नुसतं समाधान मिळालं, हे कळणारच नाही.

प्रश्न : फॉग लॅम्पच्या जागेतून पाइप आत घेतला आणि डिस्ककडे तोंड करून केबल टायनं बांधला. हवा जोरात येते, तरी फरक फारसा नाही. काय चुकलं?

हवा डिस्कवर येतेय. ती डिस्कच्या आत जायला हवी.

व्हेंटिलेटेड डिस्क कडेनं पाहिलीत तर दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये पाती दिसतील. चाक फिरायला लागलं की ही डिस्क पंख्याचं काम करते: मधल्या भोकाजवळून, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) बाजूनं, हवा आत ओढते आणि पात्यांमधून कडेला बाहेर फेकते. निवण्याचं मोठं काम या पोटातल्या वाटेवर होतं. तिथं दोन्ही चकत्या आतून सारख्याच निवतात. म्हणून पाइपचं तोंड त्या मधल्या डोळ्याशी न्यायचं आणि आजूबाजूनं हवा निसटणार नाही असं बंद करायचं.

याकरता मूळची डस्ट शील्ड, डिस्कच्या आतल्या बाजूचा पत्र्याचा आडोसा, काढून तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची प्लेट बसवतात. प्लेट स्टिअरिंग नकलच्या (हबला धरून चाकाबरोबर वळणाऱ्या भागाच्या) त्याच बोल्टवर येते, मध्ये हबपुरती मोकळी, आणि पाइपचं टोक चेपून अर्धचंद्रासारखं केलेलं, म्हणजे ते हबच्या बाजूनं डोळ्यात शिरतं. प्लेट आणि डिस्क यांच्यात काही मिलिमीटरची फट ठेवा. गाडी वळणात असताना बेअरिंग आणि नकल थोडं वाकतं, फार चिकटवलीत तर घासल्याचा आवाज येईल.

पाइप नुसता आतल्या चकतीवर रोखला तर नुकसानही होतं, आणि हे मी स्वतःच्या गाडीवर करून बसलो आहे. दोन ट्रॅक दिवसांनंतर चाक काढलं तेव्हा बाहेरची चकती निळसर पडली होती आणि आतली जवळपास कोरी. पॅडही तिरके झिजले होते. एक बाजू गार आणि दुसरी तापलेली राहिली की डिस्क बशीसारखी किंचित वाकते, ताण बसतो आणि भेगांना सुरुवात होते. केसासारख्या बारीक भेगा ट्रॅकवरच्या डिस्कवर दिसणारच. पण नख अडकलं किंवा भेग कडेपर्यंत गेली तर ती डिस्क त्याच दिवशी उतरवा.

डस्ट शील्ड नुसती काढून टाकायचा सल्लाही सर्रास दिला जातो. हवा थोडी जास्त मिळते हे खरं, पण लालभडक डिस्कची धग मग थेट बॉल जॉइंटच्या रबर बूटवर, टाय रॉड एंडवर आणि एबीएस सेन्सरच्या वायरवर जाते. बूट फाटला की ग्रीस गेलं, आणि ग्रीस गेलं की जॉइंट गेला.

अजून एक तपासा. डिस्कची पाती वक्र असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते. गाडी पुढे जाताना पाती मध्यापासून कडेकडे जाता जाता मागे झुकलेली दिसली पाहिजेत. वरच्या खाचांची दिशा पाहून डिस्क बसवणारे इथं फसतात, कारण खाचा आणि पाती एकाच दिशेनं असतील असं नाही. उलट बसलेला पंखा हवा कमी ओढतो, मग डक्ट कितीही मोठा असो.

प्रश्न : पाइप ६३ मिलिमीटरचा घ्यावा की ७६ चा? आणि बोनेटवर नाका डक्ट कापून तिथून हवा घेतली तर?

जागा असेल तर ७६. व्यासातला फरक छोटा दिसतो, पण छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं. १०० मिलिमीटरचाही मिळतो, मात्र रस्त्यावरच्या गाडीत चाक वळतं त्या जागेत तो बसवणं फार अवघड. मोठ्या पाइपाला दोन काटकोनी वळणं देण्यापेक्षा लहान पाइप सरळ नेलेला बरा. पाइप आवश्यक तेवढाच लांब कापा आणि ताणून बसवा; आखडलेल्या पाइपाच्या आतल्या वळ्या हवेला अडवतात. नारिंगी रंगाचा, तारेची गुंडाळी असलेला सिलिकॉन-फायबरग्लासचा होज घ्या, तो डिस्कजवळची धग सोसतो. घरगुती पातळ प्लॅस्टिकचे पाइप इथं वितळतात.

नाका डक्ट म्हणजे १९४५ साली अमेरिकेच्या नाका या विमानविद्या संस्थेनं विमानांसाठी अभ्यासलेला पृष्ठभागात खोल जाणारा आकार. ही संस्था पुढे १९५८ मध्ये नासात विलीन झाली. त्याचा गुण असा की फार अडथळा न करता तो बाजूनं वाहणारी हवा आत घेतो. पण गाडीच्या नाकाडावर, बंपरच्या मध्याजवळ, हवा समोरून आदळून दाब आयताच तयार होतो. तिथं समोर उघडणारं साधं तोंड नाका डक्टपेक्षा जास्त हवा देतं. नाका डक्टची खरी जागा सपाट तळाखाली, जिथून मागच्या ब्रेकला हवा न्यायची असते. तो कापलात तर अरुंद टोक पुढे आणि रुंद तोंड मागे. उलटा बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे.

तोंड रेडिएटर किंवा इंटरकूलरच्या समोर मात्र घेऊ नका. ट्यून केलेल्या इंजिनाला ती हवा आधी लागते.

प्रश्न : सगळं बसवलं, पण पहिल्याच दिवशी टायरनं पाइप फाडला. कुठून न्यायचा?

टायर आणि पाइप यांची गाठ पडते ती चाक पूर्ण वळलेलं असताना आणि सस्पेन्शन दबलेलं असताना. गाडी जॅकवर उचलून, चाक हवेत लोंबकळत असताना पाइप बांधलात तर तुम्ही चुकीच्या जागेसाठी बांधलात.

मी असं करतो. स्प्रिंग काढून, चाक बसवून, खालून जॅक लावून चाक त्याच्या सर्वात वरच्या जागी नेतो. पाइपाच्या बाहेरच्या अंगाला खडू चोळतो. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो, मध्ये मध्ये जॅक खाली घेत. चाक काढल्यावर टायरच्या आतल्या बाजूला पांढरा पट्टा दिसला तर पाइप तिथं लागतोय. रुंद टायर आणि खाली आणलेली गाडी असेल तर पहिल्या खेपेला पट्टा दिसतोच. पाइप एका बाजूला लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या, हालचालीबरोबर हलेल असा, तर दुसऱ्या टोकाला बॉडीला पक्का बांधा. ब्रेकच्या लवचीक नळीला मात्र तो कधीच बांधू नका.

जागाच नसेल तर लोअर आर्मवर बसणारं पातं लावता येतं, पोर्शेच्या ९११ जीटी३ गाड्यांवर असतं त्या धर्तीचं. गाडीखालून येणारी हवा ते डिस्ककडे वळवतं. पाइपाइतकी हवा मिळत नाही, पण फाटायलाही काही नसतं.

प्रश्न : मागच्या ब्रेकलाही डक्ट हवेत का?

बहुतेक गाड्यांत नकोत. अपवाद एक: तुमची गाडी वळणात चाकं सावरायला आपणहून ब्रेक लावत असेल तर मागचे पॅड तुमच्या नकळत तापतात. आधी रंगाचे ठिपके मागेही लावा.

प्रश्न : याच गाडीनं मी रोज फिरतो. पाऊस, चिखल, खडे आत गेले तर?

रोजच्या वापरात डक्ट बंद ठेवा. पाणी आणि खडी थेट डिस्कपर्यंत जायला नको, आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: ट्रॅकचे पॅड गार असताना नीट पकडत नाहीत. सकाळी पहिल्याच सिग्नलला गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. गार ब्रेकला आणखी गार करणं धोक्याचं आहे. शर्यतीतले संघसुद्धा थंड दिवशी डक्टच्या तोंडावर टेप लावून हवा कमी करतात.

तोंडाच्या आकाराचं रबरी किंवा प्लॅस्टिकचं झाकण करून घ्या, घट्ट दाबून बसणारं. जाळी लावायची तर मोठ्या भोकांची. बारीक जाळी कचऱ्यानं भरते आणि हवा अडवते. मी झाकणं लावलेली असताना स्टिअरिंगला लाल टेपचा तुकडा चिकटवून ठेवतो. ट्रॅकवर निघताना हात त्यावरच पडतो, आणि झाकणं काढायची राहत नाहीत.