कमरेतून भूल की पूर्ण भूल?

वडिलांच्या जांघेतल्या हर्नियासाठी कमरेतून भूल देणार आहेत. त्याने पाठ कायमची धरते का, आणि पूर्ण भूल जास्त सुरक्षित नाही का, असं तुम्ही विचारलंय.

हे बरंचसं ऑपरेशन कसं करणार त्यावर ठरतं. चीर देऊन जाळी बसवणार असतील तर बेंबीच्या पातळीपर्यंत अंग बधिर झालं की काम होतं, आणि त्याला स्पायनल, म्हणजे कमरेतून दिलेली भूल, उत्तम. दुर्बिणीतून असेल तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो, त्याने श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायूपडदा) वर ढकललं जातं. म्हणून तिथे सहसा पूर्ण भूल देतात.

स्पायनलची सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या फटीतून जाते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, म्हणून ही जागा निवडतात. टोचल्या जागी काही दिवस ठणकतं, पण कायमच्या पाठदुखीचा दोष सुईला देणं चूक आहे. टेबलावर सपाट पडून राहिल्यानेही पाठ आखडते, पूर्ण भुलीतसुद्धा.

लक्ष ठेवायचं ते डोकेदुखीवर. उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की ओसरते, अशी असेल तर सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. डॉक्टरांना लगेच कळवा, यावर उपाय आहे. २५ ते २७ नंबरच्या बारीक, पेन्सिलसारख्या टोकाच्या सुईने हा त्रास कमी होतो. इंजेक्शननंतर रक्तवाहिन्या सैलावून बीपी उतरतं; वडिलांना मळमळलं किंवा गरगरलं तर त्यांनी तिथेच सांगावं. प्रोस्टेट वाढलेली असेल तर नंतर लघवी तुंबू शकते. पोट फुगून लघवी होत नसेल तर सकाळची वाट पाहू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, कारण मणक्यात रक्त साकळून मज्जातंतू दाबले जाऊ शकतात. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका; हृदयात स्टेंट असेल तर तेही जीवावर बेतू शकतं. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साधारण ३ दिवस आधी थांबवावी लागते, तीही विचारूनच.

उपवास स्पायनललाही पाळायचा, कारण ती अपुरी पडली तर ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते आणि भरल्या पोटातलं अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं. सर्वसाधारण नियम असा: तेलकट जेवण ८ तास आधी, हलका आहार ६ तास, साधं पाणी २ तास. दूध घातलेला चहा पाण्यात नाही, ६ तासांच्या हिशेबात धरायचा; नेमकी इथेच चूक होते आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं.