ऑशविट्झ: ‘नंतर बांधलेलं’ काय आणि मूळचं काय

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पोलंडमधल्या ऑशविट्झला, म्हणजे नाझींच्या मृत्युछावणीच्या जागी आता असलेल्या संग्रहालयाला, प्रवेश फुकट आहे, मग तिथल्या जतनासाठीचं फाउंडेशन कोट्यवधी युरो कशाला जमवतं? आणि ‘तिथलं बरंचसं युद्धानंतर बांधलेलं आहे’ असा जो फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला, त्यात तथ्य किती? मी तिथून जवळच्या क्राकू शहरात राहतो. भारतातून पाहुणे आले की एक दिवस तिकडे जातोच, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न परतीच्या बसमध्ये बरेचदा ऐकलेत.

आधी फॉरवर्डचं बघू. मुख्य छावणीतलं शवदाहगृह क्रमांक १ अंशतः पुन्हा उभारलेलं आहे, हे खरं. १९४१-४२ मध्ये तिथे विषारी वायूने माणसं मारली. १९४४ मध्ये नाझींनीच त्याचं हवाई हल्ल्याच्या वेळी लपायच्या जागेत रूपांतर केलं. युद्धानंतर संग्रहालयाने चिमणी, भट्ट्या आणि छतातली भोकं परत बनवली, जेणेकरून लोकांना कळावं. संग्रहालय ही गोष्ट लपवत नाही. पण होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, झालाच नाही म्हणणाऱ्यांनी तेवढंच उचललं: चिमणी नंतरची, म्हणजे सगळंच नंतरचं! हेतू चांगला असेल, पण ती डागडुजी अजून भोवते आहे, असं माझं मत.

बिर्केनाऊ ही ऑशविट्झचीच दुसरी, मोठी छावणी. तिथल्या शवदाहगृहांमधली मोठी वायुगृहं मात्र कुणी परत बांधली नाहीत. क्रमांक २ आणि ३ ही २० जानेवारी १९४५ ला छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाने पळून जाण्याआधी सुरुंगाने उडवली. एका आठवड्याने, २७ तारखेला, सोव्हिएत फौजा पोचल्या. छताचा काँक्रीटचा स्लॅब दुमडून आत कोसळलाय, तो तसाच आहे. हे ढिगारे पुढे लंडनच्या कोर्टात कामाला आले. आपल्याला होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं म्हणून ब्रिटिश लेखक डेव्हिड आयर्व्हिंगने इतिहासकार डेबोरा लिपश्टाट यांच्यावर बदनामीचा दावा लावला होता. क्रमांक २ च्या छतात विषारी वायू सोडणारे खडे टाकायची भोकं नाहीत, असा त्याचा एक मोठा मुद्दा. वास्तु-इतिहासकार रॉबर्ट यान व्हान पेल्ट यांनी नकाशे, साक्षी, विमानातून घेतलेले फोटो असं सगळं कोर्टापुढे मांडलं. एप्रिल २००० मध्ये निकाल लागला. आयर्व्हिंग हरला, आणि तो ज्यूद्वेष्टा आहे असं न्यायाधीशांनी निकालात स्वच्छ लिहिलं.

गंमत अशी, की हेच व्हान पेल्ट २००९ मध्ये म्हणाले, शेवटचे वाचलेले कैदी गेले की बिर्केनाऊ बंद करा आणि गवतात बुजून जाऊ द्या. बाहेरच्या माणसाला ती जागा कधी कळणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना उत्तर दिलं व्वादिस्वाव बार्तोशेव्स्की यांनी. हे स्वतः १९४०-४१ मध्ये ऑशविट्झचे कैदी, नंतर ज्यूंना लपवणाऱ्या पोलिश भूमिगत संघटनेत, आणि पुढे पोलंडचे परराष्ट्रमंत्री. जागा राखलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्याच वर्षी त्यांनी हे फाउंडेशन काढलं.

आता पैशांचं. हिशेब आपल्या आजोबांच्या कायम ठेवीसारखा आहे: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर काम चालवायचं. १२ कोटी युरोंचं लक्ष्य होतं, त्यातले निम्मे एकट्या जर्मनीने कबूल केले. अमेरिकेने दीड कोटी डॉलर दिले. तीसहून जास्त देशांनी हातभार लावला. ही रक्कम फक्त जतनासाठी, गाइडचे पगार वगैरे त्यातून नाही.

पण इतके लागतात कशाला? बिर्केनाऊच्या विटांच्या बराकी बघा. १९४१-४२ मध्ये दलदलीत, धड पाया न घालता घाईने बांधलेल्या. खालून पाणी चढतं, हिवाळ्यात ते गोठतं, भिंती कलतात. नवीन भिंत बांधणं सोपं आणि स्वस्त पडेल. पण इथे जुनाच गिलावा, जुनीच वीट, जुनाच कलंडलेपणा ठेवून फक्त पडणं थांबवायचंय. म्हणून अख्ख्या बराकीवर तंबू उभारून आत काम करावं लागतं.

बुटांचंही तेच. संग्रहालयात काचेमागे छावणीत आणलेल्या माणसांचे हजारो बूट आहेत, त्यात मुलांचे सुमारे आठ हजार. धूळ काढतात, चामडं सडू नये एवढंच बघतात. पॉलिश नाही, तुटलेला बंद शिवायचा नाही. २०२० मध्ये अशाच कामात एका छोट्या बुटाच्या आत हाताने लिहिलेलं नाव आणि छावणीकडे केलेल्या पाठवणीचा क्रमांक सापडला. मुलगा १९३८ चा, प्रागचा. लिहिलं बहुधा आईने, शाळेत हरवू नये म्हणून आपण पाटीवर, डब्यावर घालतो तसं. पॉलिश मारलं असतं तर?

केसांना मात्र हात लावत नाहीत. जवळपास दोन टन केस आहेत. ते वस्तू नव्हेत, माणसांचे अवशेष आहेत, म्हणून त्यांवर प्रक्रिया न करता काळाच्या हवाली केलंय. त्या दालनात फोटो काढायला बंदी आहे, कृपया पाळा.

आणि ‘ज्यूद्वेष आता कुठे राहिलाय’ असंही तुम्ही लिहिलंय. अलिबाग-पेणच्या शनिवार तेल्यांना, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना, आपल्याकडे कुणी छळलं नाही, त्यामुळे हा शब्द आपल्याला पुस्तकी वाटतो. कडक मास्तरांना आपण हसत ‘हिटलर’ म्हणतो. इथे ऑक्टोबर २०२१ मध्ये बिर्केनाऊच्या नऊ लाकडी बराकींवर स्प्रेने ज्यूद्वेष्टा मजकूर लिहिला गेला, त्यात होलोकॉस्ट नाकारणाऱ्या ओळीही होत्या. तो पुसायचा, आणि खालचं मूळ लाकूड खरवडायचं नाही! तेही जतनवाल्यांच्याच गळ्यात.

देणगी द्यायची की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. जायचं मात्र नीट ठरवून जा. प्रवेश फुकट असला तरी वेळेचा पास आधी ऑनलाइन काढावा लागतो, त्यावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. किमान साडेतीन तास हवेत. मुख्य छावणी बघून दमायला होतं आणि बिर्केनाऊ राहून जातं, माझ्या पाहुण्यांचं दोनदा झालंय. फुकट बस आहे, तीन-साडेतीनच किलोमीटर. रुळांच्या टोकापर्यंत चालत गेलात की दोन्ही बाजूंना ते ढिगारे दिसतील, डावीकडचा क्रमांक २.