नकाशा थांबू दे, आधी नाक्यावर कोण बसलंय ते ठरवा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितेय. तुम्ही म्हणता की डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून गोष्ट रंगवत खेळायच्या त्या खेळासाठी, तुम्ही एक काल्पनिक जग रचताय. त्याचे तीन खंड तयार आहेत, नऊ देव आहेत, राजघराण्याची वंशावळ आहे. फक्त खाडीकाठचा प्रदेश खरा वाटत नाही, म्हणून तो वसई-ठाण्याकडचा एखादा जुना नकाशा समोर ठेवून काढायचाय आणि त्या नकाशासाठी एका सरकारी कार्यालयात तुमच्या चकरा चालू आहेत. खेळाडू ग्रुपवर विचारतात, "कधी सुरू करायचं?" आणि तुमचं उत्तर असतं, "नकाशा हातात आला की."

हेच उत्तर मी माझ्या खेळाडूंना देत होते, तशाच एका कार्यालयाचा जिना उतरता उतरता.

सिस्टीम, म्हणजे नियमांचा संच, कोणती घ्यावी, सेशन झीरोत, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, काय बोलावं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती चालवते, टेबलावर चार-पाच जण असतात आणि आम्ही लढाईपेक्षा बोलण्यात जास्त वेळ घालवतो. तुमचं टेबल वेगळं असेल तर यातलं निम्मं सोडून द्या.

आधी त्या कार्यालयाबद्दल. मला वसईच्या खाडीचा जुना नकाशा हवा होता, बांध, तरी (होडीने पलीकडे जायच्या जागा) आणि मिठागरं दाखवणारा. अर्जात 'प्रयोजन' असा रकाना होता. मी खरं ते लिहिलं: खेळासाठी काल्पनिक प्रदेश तयार करणे. खिडकीतून अर्ज परत आला, खेळ हे प्रयोजन होत नाही म्हणून. संशोधन लिहा, पण मग संस्थेचं पत्र जोडा. ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून पत्र आणलं, तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. जावक क्रमांक घालून आणलं, तर सही करणारे साहेब रजेवर. साहेब आले, तेव्हा नकाशांची सूची बांधणीला गेलेली. या सगळ्यात अख्खा पावसाळा गेला आणि दिवाळीच्या तोंडावर मला सांगण्यात आलं की त्या भागाचे नकाशे इथे नसतातच, दुसऱ्या विभागात विचारा.

हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. मला अजूनही याचा राग येतो. लोकांच्या पैशातून जपलेला कागद, त्यावर आपलाच किनारा, आणि तो बघायला आलेल्या माणसाला कारण विचारून परत पाठवायचं. कुतूहल हे कारण पुरेसं असलं पाहिजे. एखादी मुलगी खेळासाठी का होईना, खाडीचे जुने बांध बघायला येते, तर तिला खुर्ची द्यायला हवी.

आणि त्या काळात माझं टेबल, म्हणजे खेळणारा गट, मोडलं. एक जण पुण्याला गेला, एकाला रात्रपाळी लागली. एका मैत्रिणीने आपली व्यक्तिरेखा म्हणून मिठागरातल्या मजुराची मुलगी उभी केली होती. खाऱ्या पाण्याने फुटलेल्या टाचा, बापाचं कर्ज, आणि पाण्यात उभं राहिलं की ऐकू येणारे आवाज. तिने दोन पानं मनापासून लिहून पाठवली होती. पहिलं सेशन व्हायच्या आत ती परदेशी गेली. ती व्यक्तिरेखा कधी खेळलीच गेली नाही. त्या कार्यालयाने माझा वेळ घेतला त्याचं मला एवढं वाटत नाही, पण ही मुलगी गेली त्याचं वाटतं.

म्हणून कळकळीने सांगते, उद्यापासून तिथे जाणं बंद करा. सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशा पोर्टलवर नाव नोंदवलं की १:५०,००० प्रमाणाचे ओपन सिरीज नकाशे पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. जुनं हवं असेल तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अमेरिकन लष्कराने काढलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे आहेत. त्यांत अटल सेतू नाही, नवी मुंबई नाही, खाड्या मोकळ्या दिसतात. आणि नकाशाहूनही मोलाची गोष्ट म्हणजे गॅझेटियर. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं, मुंबई शहराचं १९०९ चं, दोन्ही ऑनलाइन वाचायला मिळतात. बंदरं, व्यापार, मीठ, वाटा, जत्रा, सगळं त्यात आहे. रात्री जेवणं झाल्यावर वाचत बसा, प्रयोजन कोणी विचारणार नाही.

आता मूळ मुद्दा. नकाशा मिळाला तरी तुमचं जग उभं राहणार नाही. नकाशा जागा दाखवतो, तंटा दाखवत नाही, आणि खेळाडू येऊन बसतात ते तंट्यात. माझं ठाम मत आहे की मोहिमेची, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीची, पहिली रेघ समुद्रकिनाऱ्याची नको, नाक्याची हवी. माल कुठून तरी येतो, कुठे तरी जातो, आणि मधे कोणीतरी त्याच्यावर हात ठेवून बसलेलं असतं. तो माणूस सापडला की राजा, देव, चोर, सैन्य, सगळे आपोआप त्याच्याभोवती जमतात.

नाणेघाट आठवा. सातवाहनांच्या काळातली वाट, खाली कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, वर जुन्नर. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून लोक दाखवतात. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख, त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद. एवढ्याशा जागेत कर, राजघराणं, धर्म आणि व्यापार एकत्र आलेत. दूरचं नको असेल तर मुलुंड-दहिसरचे जकात नाके आठवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण त्याआधीच्या ट्रकच्या रांगा, दलाल, रात्रभर चालणाऱ्या टपऱ्या आपण बघितल्यात. त्या रांगेत एक ट्रक असा उभा करा ज्याच्या आत काय आहे ते चालकालाही माहीत नाही. झालं तुमचं पहिलं सेशन.

नाक्यासाठी मी फक्त एवढं लिहून ठेवते: कर कोणाच्या नावाने घेतात, खरा कोणाच्या खिशात जातो, तो चुकवायची दुसरी वाट कोणती आणि त्या वाटेवर लोक का जात नाहीत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा पहिला राक्षस. नऊ देवांच्या कथा लिहिण्यापेक्षा त्यातल्या कोणत्या देवाचा पुजारी करात वाटा मागतो ते ठरवा, बाकीचे आठ वर्षभर थांबतील.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये छापून आलं, त्याच्या आधी त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, याचं ब्लॅकमूर हे खेळातलं जग सुरू झालं ते एक किल्ला, त्याखालची भुयारं आणि शेजारचं गाव एवढ्यावर. दुसरा कर्ता गॅरी गायगॅक्स, त्याचं ग्रेहॉकही आधी पडक्या किल्ल्याखालची भुयारं होती, शहर नंतर आलं, आणि अख्ख्या जगाचा नकाशा १९८० मध्ये छापला गेला. तोवर लोक कित्येक वर्षं त्यात खेळत होते.

खाडी खरी वाटत नाही म्हणालात, त्याचं कारण तुम्ही पोस्टमध्ये टाकलेल्या कच्च्या आराखड्याच्या फोटोत दिसतंय. तुमच्या खाडीला भरती-ओहोटीच नाही. मुंबईत राहून हे सोडू नका. वरळी आणि मुंबई बेटांमधली खिंड १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड नावाच्या बांधाने बुजवली, त्याआधी भरतीचं पाणी बेटांच्या मधल्या सखल भागात शिरायचं. म्हणजे सकाळी चालत गेलेला माणूस संध्याकाळी परत येऊ शकेल का, हे चंद्र ठरवायचा. हाजी अलीची वाट आजही भरतीत पाण्याखाली जाते. खेळात याच्याइतकं चांगलं घड्याळ नाही. आपल्याकडची जुनी ढोबळ रीत अशी की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, नवाच्या सुमाराला ओहोटी, आणि रोज साधारण पाऊण तास पुढे. सेशनच्या वहीत वर फक्त तिथी लिहायची. चोरांचा पाठलाग चालू असताना एखादा खेळाडू "आज तिथी कोणती?" असं विचारतो, तेव्हा जग उभं राहिलंय असं समजा.

ऋतूंचंही तेच. आपल्याकडे हल्ली १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि शिडाच्या काळात तर पावसाळ्यात समुद्र बंदच. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही कोळ्यांची जुनी रीत. तुमच्या जगात समुद्र चार महिने बंद राहिला, तर बंदरात अडकलेले परके व्यापारी, चढलेले भाव, गलबतांची डागडुजी, लग्नं, कर्जं, सगळं त्या चार महिन्यांत येतं. पुस्तकातल्या डाउनटाइमच्या, म्हणजे दोन साहसांमधल्या मोकळ्या काळाच्या, नियमांना पहिल्यांदाच अर्थ येतो.

नद्यांबद्दल थोडक्यात. तुमची मोठी नदी दोन समुद्रांना जोडते, ते काढून टाका. नद्या खाली येताना एकमेकींना मिळतात, फुटतात त्या बहुतेक मुखाजवळच. पण जवळचा समुद्र सोडून लांबच्याकडे जाणारी नदी खुशाल ठेवा. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते, अरबी समुद्र तिथून ८० किलोमीटरवर, आणि तरी ती १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. डोंगराच्या एका अंगाला धो धो पाऊस, पलीकडे दुष्काळ, आणि मधे घाट. एवढ्यावर दोन राज्यांचं वैर उभं राहतं.

तुमचा दुसरा प्रश्न एल्फ-ड्वार्फ, म्हणजे या खेळातले पाश्चात्त्य कथांतले लोक, काढून काय घालू, हा होता. इथे माझं मत अनेकांना आवडत नाही, तरी सांगते. एल्फला यक्ष म्हटल्याने काही होत नाही. कान टोकदार, आयुष्य हजार वर्षांचं आणि नाव तेवढं संस्कृत, हे मला वाचवत नाही. आपल्याकडच्या भुताखेतांना रूपापेक्षा नियम जास्त आहेत, ते नियम घ्या. मुंजा पिंपळ सोडत नाही आणि त्याची इच्छा अपुरी राहिलेली असते. चकवा मारत नाही, वाट फिरवतो. देवचाराची हद्द ठरलेली असते आणि त्याचा मान दिला तर तो राखण करतो. वेताळ रात्री फेरी मारतो, म्हणून त्याला चपला वाहतात. बघा, प्रत्येकाला जागा आहे, वेळ आहे, देणं आहे. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल त्याचा आकडा, नंतर भरता येतात. खेळाडूंनी तलवार काढायच्या आधी "याचं देणं काय राहिलंय?" असं विचारावं, यासाठी मी सगळा खटाटोप करते.

आणि मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण माहीत नसेल तर जरूर शोधा. देवाचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. त्या तीन रात्री रिकाम्या गावात कोणीतरी मागे राहिलं असेल तर? याचा वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, मी वेगवेगळ्या गटांबरोबर खेळवलाय आणि दरवेळी वेगळा झालाय. मात्र तिथल्या लोकांसाठी ही जिवंत श्रद्धा आहे, खेळात घ्याल तेव्हा गावाचं आणि देवाचं नाव बदला. हे मी नियम म्हणून पाळते.

भाषा बनवण्यात वेळ घालवू नका. वीस नावं सारख्या वळणाची काढून ठेवा, पुरतात. पुढेमागे छापायचा विचार असेल तर पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, श्रेय देऊन वापरता येतो. मी वकील नाही, परवान्याचा मजकूर स्वतः वाचा.

कागदाचंही सांगते. मोठे आलेख कागद अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळतात, फक्त एक घ्या. एका कागदावर एका दिवसाच्या चालीचा टापू काढा, सपाटीवर पंचवीस-तीस किलोमीटर, घाटात त्याच्या निम्मा. खेळाडू कागदाच्या कडेला पोचले की पुढचा जोडायचा, त्याआधी नाही.

आणि येत्याच रविवारी बोलवा त्यांना. पण वेळ ठरवायच्या आधी मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघा. आमच्यात बदलापूरचा एक, विरारचा एक आणि पनवेलची एक आहे, त्यामुळे आम्ही ब्लॉकचं वेळापत्रक आल्यावरच जागा ठरवतो, कधी दादर, कधी ठाणे. नाक्याची चार उत्तरं लिहून झाली की इथेच टाका, त्या चुकवायच्या वाटेवर काय बसलंय ते आपण मिळून ठरवू. शनिवारी रात्री मी जागी असते.